आजीचा माग काढताना

वैशाली नगर, जयपूर

प्रिय मनू,



तुझ्या सासूबाईंनी काढलेल्या वंशवृक्षाचा फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. पुरुषांच्या फांद्या कशा ठसठशीत आहेत! जन्म कुठला, जमीन कुठे घेतली, कुठल्या लढाईत होता, सगळं जिथल्या तिथे. आणि मॅसॅच्युसेट्समधल्या १६७०-८०च्या सुमाराच्या त्या एका घरापाशी बाईच्या चौकटीत नुसतं पाळण्यातलं नाव आणि पुढे 'अमक्याची बायको'. माहेर कुठलं, बाप कोण, पत्ता नाही. सासूबाई या चौकटीपाशी केव्हापासून अडून बसल्यात आणि आता त्यांनी तुलाही कामाला जुंपलंय म्हणतेस. 'मावशी, तू आपल्या कुलवृत्तांतासाठी बायका शोधल्यास, मला काही युक्ती सांग,' असं तू लिहिलंस. हे पत्र त्याचं उत्तर. इथल्या आमच्या मंडळाच्या अंकातही ते छापायला देणार आहे, कारण हाच प्रश्न मला इथल्या दोघी-तिघींनी विचारलाय.

युक्ती ऐकायला अभद्र आहे. बाई सापडत नसेल तर तिच्या नवऱ्याचं मरण शोध. नवरा जिवंत असेतो कागदाला बाईची गरज पडत नाही. तो गेला की जमीन कोणाच्या नावे करायची, पोरं लहान असतील तर त्यांच्या वतीने सही कोण करणार, असे प्रश्न उभे राहतात आणि मग नाइलाजाने तिचं नाव लिहावं लागतं.

आपल्याकडचंच बघ. कुलवृत्तांतात पणजोबांच्या नावापुढे 'यांस दोन पुत्र' एवढंच छापलंय, जसे काही ते पुत्र झाडाला लागले. पणजीचं नाव तुझ्या आईला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ते सापडलं नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या जुन्या फेरफारात. १९१८च्या तापाच्या साथीत पणजोबा गेले, वारसनोंद झाली आणि तलाठ्याने लिहिलं, 'भागीरथी कोम गोविंद', म्हणजे गोविंदची बायको. खाली दोन्ही अज्ञान मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई'. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. शेजारी अंगठ्याचा ठसा आहे, शाई थोडी फाकलेली, अंगठा उजवीकडे सरकल्यासारखा. त्या बाईचं या जगात उरलेलं सगळं सामान म्हणजे तो ठसा. धाकटा मुलगा सज्ञान झाल्यावर पुढच्या फेरफारात 'अ.पा.क.' कमी झालं आणि त्याबरोबर भागीरथीही गेली.

तुमच्या अमेरिकेतही हेच, फक्त कागदाची नावं निराळी. वसाहतींच्या काळात इंग्लंडचा कायदा चालायचा. लग्न झालं की बाईला स्वतःच्या नावे मालमत्ता नाही, करार नाही. नवरा मेला की मात्र प्रोबेट कोर्टात मिळकतीची यादी व्हायची आणि विधवेचा तिसरा हिस्सा वेगळा काढायचा, तोही हयातीपुरता. ही हिस्सेवाटणी वाचायला मिळाली तर सोडू नकोस. पश्चिमेकडची एक खोली, तळघराचा अमुक भाग, विहिरीवर आणि भट्टीपाशी जाण्यायेण्याचा हक्क, अशा भाषेत लिहिलेली असते. सुनेच्या राज्यात सासूला कुठून कुठवर चालता येईल ते कोर्टाने आखून दिलेलं. आपल्याकडच्या वाटणीपत्रांतली 'आईने राहण्याची खोली' आठवून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आता मेरी रोलंडसनची गोष्ट सांगते. तू राहतेस तिथून तिचं लँकेस्टर गाव काही लांब नाही. सासूबाईंना तिचं पुस्तक ठाऊक असणारच, पण त्या पुस्तकानंतर तिचं काय झालं ते विचार.

मेरी म्हणजे माहेरची व्हाइट. जन्म इंग्लंडातला, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आली, पुढे लँकेस्टरच्या पाद्र्याशी, जोसेफ रोलंडसनशी लग्न झालं. फेब्रुवारी १६७६मध्ये तिथल्या मूळच्या लोकांनी गावावर हल्ला केला. त्या युद्धाला इंग्रज किंग फिलिपचं युद्ध म्हणत, पण तो फिलिप म्हणजे वाम्पानोआगांचा नायक मेटाकॉम. मेरी आणि तिची तीन मुलं पकडली गेली. धाकटी सारा सहा वर्षांची, गोळी लागून जखमी झालेली, ती वाटेतच गेली. अकरा आठवडे मेरी त्या लोकांबरोबर हिंडली, त्यांचे मोजे विणले, फिलिपच्या मुलाला सदरा शिवून दिला आणि त्याची शिलाई एक शिलिंग मिळाली. वीस पौंड खंडणी भरून मे महिन्यात सुटका झाली. हा सगळा वृत्तांत तिने लिहिला. १६८२ साली बोस्टनला छापला, त्याच वर्षी लंडनलाही. अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासात तो आता पाठ्यपुस्तकासारखा झालाय.

आणि एवढी नावाजलेली बाई तीनशे वर्षं हरवली! रोलंडसन कुटुंब कनेक्टिकटमधल्या वेदर्सफील्डला गेलं, नोव्हेंबर १६७८मध्ये नवरा वारला. गावाने विधवेला सालिना तीस पौंड द्यायचं ठरवलं. त्यापुढे मेरी रोलंडसन हे नाव कुठल्याच कागदात येईना. अभ्यासकांनी मानलं, ती लवकरच वारली असणार. दुसऱ्याने पहिल्याचं वाचून तेच लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. १९८५ साली डेव्हिड ग्रीन नावाच्या वंशावळीच्या अभ्यासकाने वेदर्सफील्डचे कागद नीट लावले तेव्हा कळलं, की बाई मेलीबिली नव्हती. नवऱ्यामागे वर्षाच्या आत, ऑगस्ट १६७९मध्ये, तिने सॅम्युअल टॅल्कॉट नावाच्या कॅप्टनशी लग्न केलं होतं. ती मेरी टॅल्कॉट झाली आणि त्याच गावात पुढे तीस वर्षांहून जास्त राहिली. दुसरा नवराही तिच्याआधी गेला. १७०७ साली मुलगा जोसेफ कोर्टाच्या भानगडीत सापडला तेव्हा म्हातारी त्याला जामीन राहिली. जानेवारी १७११मध्ये ती वारली.

विचार कर. गाव तेच, वाटा त्याच, रविवारी प्रार्थनेला बसायचं बाकही तेच असेल. एक आडनाव बदललं आणि इतिहासाला ती दिसेनाशी झाली. ग्रीनने काही मोठी जादू केली असं मला वाटत नाही. विधवा बाईने पुन्हा लग्न केलं असेल, एवढी साधी शक्यता मनात ठेवून तो दुसऱ्या आडनावाखाली शोधायला गेला. तुझ्या सासूबाई आडनाव गृहीत धरून मागे मागे जातायत. त्या बाईच्या चौकटीतलं लग्न तिचं पहिलंच होतं, असं कोणी सांगितलं? ती आधीच एकाची विधवा असेल तर माहेरचं आडनाव शोधताना मध्ये आणखी एक आडनाव लागणार.

जाता जाता एक. मेरी ज्या बाईच्या हाताखाली मोजे विणत होती तिचं नाव वीटामू. पोकासेट लोकांची ती स्वतः प्रमुख होती, नवऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी नव्हे. मेरीने पुस्तकात तिच्याबद्दल काही बरं लिहिलं नाही, साहजिकच आहे. युद्ध संपता संपता, ऑगस्ट १६७६मध्ये, वीटामू नदीत बुडून मेली आणि इंग्रजांनी तिचं मुंडकं कापून टाँटन गावात खांबावर लावलं. सासूबाईंच्या वृक्षावरची जमीनखरेदीची ती ठसठशीत सालं वाचताना मला हे आठवतं. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण तू माझी भाची आहेस, तुला तरी ठाऊक असावं.

इथे राजस्थानात मी निराळाच प्रकार पाहिला. आमच्या शेजारच्या शेखावतांकडे राव येतात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ ठेवणारे. आले की त्यांना पाट, शेला, जेवण. मग लाल कापडात गुंडाळलेली लांबुळकी पोथी सोडून ते जवळजवळ गाऊनच वाचतात. गेल्या वेळी मलाही ऐकायला बोलावलं होतं. प्रत्येक सुनेपुढे तिचं माहेरचं कूळ, बाप, गाव. नवी सून विचारून विचारून लिहून घेतली. मला वाटलं, वा, आपल्यापेक्षा बरं! पण सुनेचं स्वतःचं नाव ते कधी वाचायचे, कधी नाही, आणि त्या घरच्या लेकींची नावं मी कान देऊन बसले तरी कानी पडली नाहीत. जयपूरच्या राजघराण्यातही राण्या राठोडजी, भटियाणीजी अशा माहेरच्या कुळावरून ओळखल्या जात. पुढच्या वेळी येशील तेव्हा तुला सिसोदिया रानी का बाग दाखवीन. सवाई जयसिंहांनी उदयपूरच्या राणीसाठी १७२८मध्ये बांधलेला. बाग झाली, कारंजी झाली, पाटीवर कूळ झालं, राणीला काय म्हणून हाक मारीत ते काही पाटीवर नाही. आपल्याकडे कूळ गेलं आणि नाव राहिलं तर राहिलं, इथे नाव गेलं आणि कूळ राहिलं. दोन्ही अर्धे कागद जोडले तर एक अख्खी बाई होईल.

(आमच्या घराजवळच्या चौकाचं नाव आम्रपाली सर्कल. आंब्याच्या झाडाखाली सापडलेली पोर, आईबाप अज्ञात, आणि तिच्या नावाचा चौक. दररोज हजार रिक्षावाले तिचं नाव घेतात. वंशावळीचा हट्ट फार झाला की मी तिकडे भाजी घ्यायला जाते.)

हट्ट म्हटला की आपल्याकडचा २०२३चा आठवतो. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात घरोघरी जुने दाखले, शाळेचे जनरल रजिस्टर, मोडीतले कागद बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा कधी नव्हे तो भाव आला. पण नोंद जुळवायची ती बापाकडून, आजोबाकडून. आईच्या माहेरी ढीगभर नोंदी निघाल्या तरी त्यांचा मुलाला उपयोग नाही. त्या बाबतीत तुझ्या सासूबाई ज्या संस्थेत शिरू पाहतात ती बरी म्हणायची. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' १८९०पासून पिढीपिढीचा पुरावा मागते, पण तो लेकीकडून आलेला असला तरी चालतो. आपल्या सरकारने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव घालायचं ठरवलंय. दोनशे वर्षांनी शोधणारीला सोपं जाईल. तुझी गैरसोय तशीच राहणार.

आता तुला वाटेल, मावशी अमेरिकेच्या कागदांत कशी घुसली. त्याला कारण आपलं नगर. सिंथिया फरार हे नाव तू सावित्रीबाईंच्या धड्यात ऐकलं असशील. न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोची, जन्म १७९५. म्हणजे हिचे आजीआजोबा थेट तुझ्या सासूबाईंच्या त्या वसाहतीच्या काळातले. लग्न केलं नाही, शिक्षिका झाली, आणि जून १८२७मध्ये बोस्टनहून जहाजात बसून वर्षाअखेरीस मुंबईला उतरली. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने समुद्रापार पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित बायकांपैकी ती एक. आधी मुंबईत मुलींच्या शाळा सांभाळल्या, १८३७ला प्रकृतीसाठी मायदेशी गेली, १८३९मध्ये परतली ती नगरला. १८६२च्या जानेवारीत तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी सदाशिव गोवंड्यांबरोबर तिची नगरची शाळा पाहिली आणि मुलींसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं, हे १८५३च्या 'ज्ञानोदया'त त्यांच्याच तोंडून आलंय. सावित्रीबाई तिथे शिकवायला शिकल्या असं सगळीकडे छापतात. मी मात्र जोतीरावांच्या तोंडचं आहे तेवढ्यावरच भार देते.

ही फरारबाई शोधायला मला एक दुपार पुरली. मार्लबरो गावाचा इतिहास चार्ल्स बेमिस नावाच्या गृहस्थाने १८८१ साली छापला, त्याच्या मागच्या अर्ध्यात गावातल्या घराण्यांच्या वंशावळी आहेत. हे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. आपल्या कुलवृत्तांतासारखंच, पण एका कुळाचं नाही, अख्ख्या गावाचं. बोर्डाच्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकात तिची ये-जा छापलेली. जन्मापासून मरणापर्यंत एकच आडनाव, त्यामुळे धागा कुठे तुटत नाही. लग्न न करणाऱ्या बाईला वंश नसतो म्हणतात, पण तिची नोंद मात्र सगळ्यांत नीट राहते, ही गंमत बघ. तिच्याबरोबर आलेल्या पाद्र्यांच्या बायका बोर्डाच्या अहवालांत बहुतेक ठिकाणी 'मिसेस अमुक' होऊन गेल्या. आणि तिच्या समोर पाटी घेऊन बसलेल्या मुली? त्यांची तर गणतीच फक्त आकड्यांत.

याच्या उलट टोकाला आपली आनंदीबाई. पाळण्यातली यमुना, माहेरही जोशी, सासरही जोशी, म्हणून आडनाव वाचलं आणि नाव गेलं. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे वाट बघता बघता एका मासिकात या मुलीबद्दल वाचलं, पत्र लिहिलं, आणि पुढे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत, हे लिहिताना मला उगाच ऐट येते. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यक कॉलेजातून ती डॉक्टर झाली, फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात गेली. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. वर दगडावर नाव कोरलंय. उद्या त्या कुटुंबाची कोणी सासू वंशवृक्ष काढायला तिथे गेली, तर आपल्या माणसांत हा जोशी कुठून आला म्हणून डोकं खाजवील. दफनभूमीतल्या शेजाऱ्यांवरून नातं लावायची तिकडे पद्धत आहे, म्हणून सांगते. शेजारी असला म्हणजे रक्ताचाच असेल असं नाही.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे त्या नवऱ्याची प्रोबेटची फाइल मागव. कुठल्या काउंटीत ते आधी पक्कं कर, कारण तुमची वूस्टर काउंटी १७३१ साली झाली, त्याआधीचे त्या भागातले बरेच कागद मिडलसेक्सकडे आहेत. नुसती मृत्युपत्राची नक्कल घेऊन थांबू नकोस. मिळकतीची यादी कोणी केली, विधवेला जामीन कोण राहिलं, साक्षीला कोण होतं, ही नावं उतरव. बापाविना, नवऱ्याविना बाईच्या मागे कोर्टात उभा राहतो तो बहुतेक भाऊ असतो, नाहीतर बहिणीचा नवरा. आपल्या भागीरथीच्या फेरफारात पंच म्हणून ज्याची सही होती तो तिचा भाऊ निघाला आणि त्याच्यावरून मला तिचं माहेर लागलं.

दुसरं, तिच्या बापाचं घर कुठलं असेल असा संशय असलेल्या चार-पाच घरांची मृत्युपत्रं वाच. 'माझी मुलगी, अमक्याची बायको' असं तिथे सापडण्याची शक्यता जास्त. सासरच्या कागदांनी माहेर विसरलं तरी माहेरचे कागद सासर लिहून ठेवतात, कारण दहा शिलिंग द्यायचे असतात. मुलांची नावंही बघ. एखाद्या मुलाचं पहिलं नावच कुणाच्या आडनावासारखं वाटलं तर ते आजोळचं असू शकतं.

तिसरं, तारखा. १७५२पर्यंत त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन-दोन सालं लिहिलेली दिसतील. आपल्याकडे शक, फसली आणि शुहूर सनाची जी तारांबळ उडते तीच. एका सालाच्या घोटाळ्यात सासूबाईंच्या वृक्षावरचं एक बाळ आईबापांच्या लग्नाआधी जन्मलंय, ते बहुधा याच पायी. त्यांना नाजूकपणे सांग.

चौथं, इंटरनेटवरच्या आयत्या झाडांवर विश्वास ठेवू नकोस. मेरी रोलंडसनला तशाच नकलाबहाद्दरांनी मारून टाकलं होतं.

आणि एक काम माझं. बोर्डाची जुनी पत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तुला बोस्टन काही लांब नाही, जावईबापूंना एका शनिवारी पोरं सांभाळू दे. ग्रंथालय त्या दिवशी उघडं असतं का ते मात्र आधी विचार. फरारबाईंची १८३९ नंतरची, म्हणजे नगरमधली पत्रं आधी काढ. तिच्या शाळेतल्या एखाद्या मुलीचं नाव कुठे आलं असेल तर ते तिने जसं इंग्रजीत लिहिलंय तसंच, स्पेलिंग न सुधारता, उतरवून घे. अमेरिकन कानांनी ऐकलेलं नगरी नाव मूळचं काय असेल ते मी लावते. त्या नावाबरोबर गाव, जात, बाप, नवरा, काहीही असलं तरी सोडू नकोस. पाठीमागे लिहिलेलं असतं, म्हणून पान उलटून दोन्ही बाजू बघ.

तुझी,
मावशी